भाऊ, ध्यान कुठी हाये तुमचं?

लग्नसराईच्या दिवसांत अमरावतीच्या जवाहर रोडवरल्या एखाद्या कापडाच्या दुकानात तासभर नुसतं बसावं. गादीवरचा सेल्समन पोरगा साडीमागून साडी उलगडत असतो. काठ दाखवतो, पदर खांद्यावर टाकून दाखवतो, भाव सांगतो. समोरच्या बाईंनी अकोटच्या नणंदेला व्हिडिओ कॉल लावलेला असतो, म्हणजे डोळे मोबाइलकडं आणि कान नणंदेकडं. ‘ते मोरपंखी दाखव वो,’ नणंद तिकडून सांगते. पोरानं मोरपंखी काढेपर्यंत विषय कोणाच्या तरी पोरीच्या साखरपुड्यावर गेलेला असतो. मग भाव पुन्हा विचारला जातो, तो पुन्हा सांगतो. ‘मघा तं कमी सांगतला होता!’ शेवटी ‘पाहून येतो’ म्हणत मंडळी उठतात आणि मागं उरतो साड्यांचा ढीग. त्याच्या घड्या घालायच्या, त्याही मूळच्याच मोडीवर, कारण मोड चुकली की नवी साडी जुनी दिसायला लागते. घड्या घालताना पोरगा जे पुटपुटतो ते छापण्यासारखं नसतं. हा लेख त्या पुटपुटण्याबद्दल आहे.

या त्राग्याला धड शत्रू नाही, ही त्याची खरी अडचण. शिव्या देणारं गिऱ्हाईक आलं तर दुकानातले चौघं तुमच्या बाजूनं उभे राहतात, मालक मध्ये पडतो, रात्री घरी सांगायला एक किस्सा होतो. बेध्यान गिऱ्हाईक बहुतेकदा भला माणूस असतो. तो तुमचा अपमान करत नाही, त्याला तुम्ही दिसतच नाही. सांगितलेलं ऐकत नाही, पाटी वाचत नाही, कोणती रांग कशाची ते पाहत नाही, आणि काम बिघडलं की ‘तुम्ही सांगतलंच नाही’ म्हणतो. अशा माणसावर चिडलं तर चिडणाराच वाईट ठरतो. म्हणून तो राग गिळला जातो, पुढच्या गिऱ्हाइकासमोर पुन्हा गिळला जातो, आणि संध्याकाळी घरच्यांवर निघतो.

अमरावती आणि अकोला ही दोन्ही शहरं खेड्यांच्या बाजारावर जगतात. अमरावतीत सक्करसाथ, इतवारा आणि नागपूर रोडवरची बिझीलँड, सिटीलँडसारखी ठोक कापडाची मार्केटं. अकोल्यात टिळक रोड, गांधी रोड, कोठडी बाजार, कापसाचा नि डाळ मिलांचा पसारा. काउंटरच्या पलीकडं उभा असलेला माणूस बहुधा सकाळच्या एसटीनं आलेला असतो. बँक, दवाखाना, बियाणं, पोरीचा ड्रेस, सगळं एका फेरीत उरकायचं आणि परतीची गाडी चुकवायची नाही. तुम्ही त्याला व्याजाचा दर समजावता तेव्हा त्याचं अर्धं डोकं स्टँडवर असतं. पुण्या-मुंबईच्या कॉल सेंटरसाठी लिहिलेले ग्राहकसेवेचे धडे इथं आणून लावले की ते ढिले बसतात, ते यामुळं.

एसटीचा वाहक घ्या. परतवाड्याच्या गाडीत गर्दीतून वाट काढत तो विचारतो, ‘कुठी जायाचं, माय?’ ‘जावयाच्या गावाले.’ ‘अवो, पण जावयाचं गाव कोणतं?’ हसू येतं, पण वाहकाला हा संवाद प्रत्येक फेरीत करायचा असतो. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास मोफत झाला, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. प्रवाशांची सोय झाली. वाहकाच्या वाट्याला मात्र प्रत्येक सीटवर वय, ओळखपत्र, अर्धं की पूर्ण ही चौकशी आली, आणि ती कानात हेडफोन घातलेल्या माणसाच्या खांद्याला हात लावून करायची. त्यात सुट्ट्यांचा जुना वाद. त्यावर वाहकांनी केव्हाच उपाय काढला आहे: द्यायचे राहिलेले पैसे तिकिटाच्या पाठीवर पेननं लिहून द्यायचे. देणं कोणाच्याच डोक्यात ठेवायचं नाही, कागदावर ठेवायचं. या साध्या युक्तीत किती शहाणपण आहे ते पुढं दिसेल.

सेतू केंद्रावरचा त्रागा वेगळ्या जातीचा. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा केंद्रांवर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली तेव्हा तेच चित्र पुन्हा दिसलं. बाईचा आधार, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, दोन्हीकडं ओटीपी. ‘ओटीपी आला का, ताई?’ ‘त्यायच्या मोबाइलवर येते न तो.’ ‘मंग ते कुठी हायेत?’ ‘वावरात.’ ओटीपीची मुदत संपते, केंद्रवाला कपाळाला हात लावतो, मागची रांग ओरडते. आता यात बेध्यान कोण? मोबाइल वावरात असणार हे ज्याला सुचलं नाही, त्यानं ही पायरी आखली. पण तो मंत्रालयात बसला आहे, आणि समोर आहे ती बाई. राग जवळच्या माणसावर निघतो. काउंटरवरच्या चिडचिडीचा बराच भाग असा दुसऱ्याच्या पत्त्यावरचा असतो.

पण खरं पाहायचं तर कृषी केंद्रात पाहावं. मृग लागला की अकोल्याच्या बियाण्या-औषधांच्या दुकानांत जी झुंबड उडते, ती शहरातल्या सुपरमार्केटवाल्यांनी एकदा अनुभवावी. मे २०२४ मध्ये कपाशीच्या एका ठरावीक वाणाच्या पाकिटांसाठी अकोल्यात रांगा लागल्या होत्या, त्यात बायकाही होत्या. त्याच महिन्यात पारा ४५ च्या वर गेला म्हणून जिल्हा प्रशासनानं कलम १४४ लावलं आणि कामाच्या जागी पाणी, पंखे यांची सोय करण्याचे आदेश काढले. अशा उन्हात रांगेतून आलेला माणूस काउंटरशी पोचतो तेव्हा त्याला एकच ऐकायचं असतं: माल आहे का आणि किती झाले.

बियाण्याचं एक वेळ ठीक. कीटकनाशकाच्या बाबतीत न ऐकणं जिवावर बेततं. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पोचले. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, तोंडाला काही बांधलेलं नाही. तेव्हापासून विदर्भातल्या प्रत्येक जबाबदार दुकानदाराच्या तोंडी तीच वाक्यं आहेत: वारा पाहून फवारा, दोन औषधं मिसळू नका, जेवायच्या आधी हात धुवा. आणि पलीकडचा माणूस बाहेर उभ्या केलेल्या गाडीवरच्या पोत्याकडं पाहत असतो. बाटलीसोबत घडी घातलेलं पत्रक येतं, त्यात इतक्या भाषा आणि इतकी बारीक अक्षरं की चष्मा लावूनही लागत नाहीत. बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. कायद्यानं आलेली ही खूण निरक्षरालाही कळावी अशी आहे, पण ती कोणीतरी एकदा बोट ठेवून दाखवावी लागते.

मात्र इथं दुकानदाराच्या कैवाऱ्यांना न आवडणारी एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. शेतकरी ऐकत नाही याचं एक कारण दुकानदार स्वतः आहे. मागच्या हंगामात ‘हे टॉनिक घेऊन जा, बोंड पाहा मग’ म्हणून जी बाटली गळ्यात मारली, तिचा काही उपयोग झाला नाही हे शेतकऱ्याच्या लक्षात आहे. त्याच तोंडातून सुरक्षेची सूचना आली की तीही विक्रीची बतावणी वाटते. बँकेत खातं उघडायला गेलेल्याला विमा चिकटवला जातो, तोही पुढच्या वेळी मान हलवत राहतो आणि काही ऐकत नाही. मान हलवणं हा त्यानं शिकलेला बचाव आहे. कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेनं २००३ मध्ये सुरू केलेला ‘देसी’ हा वर्षभराचा अभ्यासक्रम आहे, आठवडी सुट्टीच्या दिवशी वर्ग भरतात. त्यात किडी, रोग, खतं, कायदे यांवर भर. गमावलेला विश्वास कसा मिळवावा हे कुठल्याच अभ्यासक्रमात बसत नाही म्हणा.

गिऱ्हाईक मुद्दाम दुर्लक्ष करतं, हा काउंटरवरचा सर्वांत पक्का समज. मानसशास्त्रातले प्रयोग वेगळं सांगतात. डॅनियल सायमन्स आणि डॅनियल लेव्हिन यांचा १९९८ मधला प्रयोग प्रसिद्ध आहे. एक माणूस वाटसरूला रस्ता विचारतो, मधून दोघं जण मोठं दार उचलून नेतात, त्या आडोशाला विचारणारा माणूसच बदलतो. निम्म्याच्या आसपास वाटसरूंना बदल कळला नाही. ते नव्या माणसाला उरलेला रस्ता सांगत राहिले. पुढं काउंटरवरचा माणूस खाली वाकतो आणि दुसराच वर येतो, असाही प्रयोग झाला, तिथंही बहुतेकांना काही वावगं वाटलं नाही. म्हणजे काउंटरपलीकडच्या माणसाचा चेहरा न दिसणं हा मेंदूचा रोजचा कारभार आहे. त्याला जे काम करायचं आहे तेवढंच तो पाहतो. पोराला वाटतं, बाईंनी मला मोजलं नाही. बाईंनी कोणालाच मोजलेलं नसतं.

दुसरी गोष्ट पैशाच्या ओढाताणीची. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शाफिर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांचा अभ्यास मांडला. तोडणीपूर्वी, हात तंग असताना, तेच शेतकरी विचारशक्तीच्या चाचण्यांत मागं पडले. तोडणीनंतर पैसा आल्यावर त्यांचीच कामगिरी सुधारली. या निष्कर्षांवर पुढं वादही झाले, पण बँकेच्या काउंटरवर बसलेल्या कोणालाही विचारा. पीककर्जासाठी मे महिन्यात आलेला माणूस आणि कापूस विकून डिसेंबरात आलेला माणूस, एकाच गावचा, एकाच नावाचा, आणि कान दोन वेगळे. उन्हाचाही हात आहेच. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात केनरिक आणि मॅकफार्लेन यांनी १९८६ मध्ये नोंदवलं की तापमान वाढतं तसं हिरव्या दिव्याशी न हलणाऱ्या गाडीमागं हॉर्न वाजवण्याचं प्रमाण वाढतं, आणि काचा उघड्या ठेवलेल्या, एसी नसलेल्या गाड्यांत ते जास्त. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात काउंटरच्या दोन्ही बाजूंना काचा उघड्याच असतात. मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता कोणतीही गुंतागुंतीची योजना समजावायला घेऊ नये, हा माझा सल्ला बँकवाल्यांना कदाचित बालिश वाटेल.

आता त्राग्याचं काय करायचं, याबद्दल जगभर काय सांगितलं गेलं ते पाहू. या विषयाचा पाया घातला तो आर्ली हॉकशील्ड यांनी. १९८३ च्या ‘द मॅनेज्ड हार्ट’ या पुस्तकात त्यांनी विमानातल्या हवाई सुंदरी आणि थकबाकी वसूल करणारे यांचा अभ्यास करून दाखवलं की चेहऱ्यावर हसू आणणं हेही काम आहे, त्यालाही मेहनत लागते, आणि कंपनी ती विकत घेते. हसू दोन प्रकारे येतं: नुसतं वरून चिकटवलेलं, किंवा मनातलाच भाव बदलून आलेलं. हुल्सहेगर आणि शेवे यांनी २०११ मध्ये या क्षेत्रातल्या सुमारे तीन दशकांच्या संशोधनाचा एकत्रित हिशेब मांडला. वरून चिकटवलेलं हसू माणसाच्या प्रकृतीला आणि कामावरच्या समाधानाला जाच देतं, हे त्यातून बऱ्यापैकी स्पष्ट झालं. मनातून भाव बदलणाऱ्यांना तेवढा जाच होत नाही. ‘हसतमुख राहा’ अशी सूचना देणाऱ्या प्रशिक्षकानं यातलं कोणतं हसू हवं ते आधी सांगावं.

दुसरा लोकप्रिय सल्ला म्हणजे राग बाहेर काढा. मागच्या गोदामात जाऊन पोत्याला लाथ मारा, मोकळं व्हा. ब्रॅड बुशमन हे अभ्यासक वर्षानुवर्षं याच्या मागं लागले आहेत. सोफी क्येर्विक यांच्यासोबत त्यांनी २०२४ मध्ये १५४ अभ्यासांचा आढावा घेतला. अंगातली उत्तेजना वाढवणाऱ्या गोष्टींनी राग कमी होत नाही. संथ श्वास, शरीर सैल सोडणं, ध्यान अशा गोष्टींनी होतो, असा त्याचा निष्कर्ष. धावण्यानं तर उलटा परिणाम दिसला. टपरीवर कट मारताना दोन सहकारी गिऱ्हाइकाची नक्कल करतात त्याचं काय, असा प्रश्न राहतोच. माझं मत: नक्कल करून हसले आणि विषय संपला तर चांगलं. तेच गिऱ्हाईक रोज उकरून काढलं तर त्या चहात रागच उकळत राहतो.

तिसरी वाट विवेकनिष्ठ विचारपद्धतीची. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ती मांडली. मराठीत ती कि. मो. फडके यांनी रुजवली, डॉ. आनंद नाडकर्णी, अंजली जोशी यांच्या लेखनातून ती घरोघरी गेली. तिचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस प्रसंगामुळं तेवढा पेटत नाही, जेवढा त्या प्रसंगाबद्दलच्या स्वतःच्या हट्टामुळं पेटतो. ‘गिऱ्हाइकानं ऐकलं तर बरं’ ही इच्छा. ‘मी बोलतोय म्हणजे त्यानं ऐकायलाच हवं, नाही ऐकलं तर मी कोणी नाही’ हा हट्ट. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं, हट्ट पुरा झाला नाही की भडका उडतो. काउंटरवरच्या माणसाला हे फार उपयोगी आहे, कारण ते मनातल्या मनात, पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात करता येतं. ज्यांचं त्याहून पुढं गेलं आहे, झोप उडाली आहे, त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर, मराठीतही.

तरीही या सगळ्या सल्ल्यांत एक खोट आहे. सगळे काउंटरवरच्या माणसाच्या मनात हात घालतात. पगार तोच, उभं राहणं तेवढंच, सूचना तितकीच किचकट, आणि वर मनही त्यानंच बदलायचं. मला वऱ्हाडातल्या जुन्या दुकानदारांची रीत जास्त पटते. ते गिऱ्हाइकाकडून लक्षाची मागणीच कमी करतात. वाहकाचं तिकिटाच्या पाठीवर लिहिणं त्यातलंच. मेडिकलवाला गोळ्यांच्या पट्टीवर १-०-१ लिहितो, अक्षर न येणाऱ्यासाठी पाकिटावर सूर्य नि चंद्र काढतो. चांगला कृषी केंद्रवाला बाटलीच्या झाकणानं मोजून दाखवतो, ‘तुमच्या चार्जिंग पंपाले एवढं’ म्हणतो आणि मार्करनं बाटलीवरच लिहून देतो, कारण पत्रक वाटेत उडून जातं, बाटली फवारणीच्या बांधापर्यंत जाते. भाव सांगून थकलेल्या साडीवाल्यानं प्रत्येक घडीला ठळक आकड्याची चिठ्ठी लावली की निम्मे प्रश्न संपतात. काही दुकानदार मुद्दाम लावत नाहीत, कारण भावाची लवचीकता जाते. मग त्यांनी पोराच्या चिडण्याबद्दल तक्रार करू नये.

जिथं सूचना टाळताच येत नाही, तिथं काय? आरोग्यसेवेत यासाठी एक पद्धत जगभर शिकवली जाते: समजलं का असं विचारायचं नाही, रुग्णालाच त्याच्या शब्दांत परत सांगायला लावायचं. ‘समजलं का?’ला सगळे हो म्हणतात. अमरावती जिल्ह्याला हे परदेशातून शिकायची गरज नव्हती. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावला १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांचं कीर्तन याच पद्धतीवर चालायचं. ते वऱ्हाडी बोलीत समोरच्या गर्दीला साधे प्रश्न विचारत, लोकांच्या तोंडून उत्तर काढत, त्या उत्तराला पुढचा प्रश्न जोडत. दिवसभर राबून आलेला, डोळ्यांवर झापड आलेला हजारोंचा समुदाय बाबांनी जागा ठेवला, कारण उत्तर कधी द्यावं लागेल याचा नेम नसे. त्यांचं नाव असलेल्या विद्यापीठात वाणिज्य शाखेची पोरं ग्राहकवर्तनाचे पाठ घेतात. त्यांना एक तास बाबांच्या प्रश्नोत्तरांवर द्यायला हरकत नाही. औषधाच्या दुकानात हे करायला जेमतेम काही सेकंद लागतात. ‘मंग दादा, पंपात किती टाकसान?’ त्याला सांगता आलं नाही तर आत्ताच कळतं, सांगता आलं तर बाटली हातात. आणि विचारणाऱ्याच्या बाजूनंही फरक पडतो. न ऐकणाऱ्या भिंतीशी बोलण्यात जो अपमान वाटतो तो जातो, कारण भिंत बोलायला लागते.

अर्थात यालाही वेळ लागतो, आणि वेळ मालकाचा असतो. म्हणून मालकाची भूमिका शेवटी निर्णायक. ‘गिऱ्हाइकाचं कधी चुकत नाही’ हा मंत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकागोच्या मार्शल फील्ड आणि लंडनच्या सेल्फ्रिज यांसारख्या मोठ्या दुकानांतून जगभर गेला. आपल्याकडं त्याला गांधीजींचा फोटो चिकटला. ग्राहक हा आपल्या दारी आलेला सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, अशा अर्थाची ती चौकट कितीतरी बँकांत नि दुकानांत टांगलेली असते. तो मजकूर गांधीजींचा असल्याचा पुरावा नाही. १९४१ मध्ये तो अमेरिकेतल्या स्टुडबेकर मोटार कंपनीच्या विक्रीप्रमुखाच्या नावानं छापून आला होता. मोटार विकणाऱ्याची जाहिरात महात्म्याच्या तोंडी घातली की नोकराला उलट बोलायची सोयच राहत नाही. जुलै २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या क्रेफर्ड इथल्या सेन्सबरीज सुपरमार्केटमध्ये एका कॅशियर बाईनं मोबाइलवर बोलत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, आधी फोन ठेवा, मग बिल करते. कंपनीनं गिऱ्हाइकाची माफी मागितली. इंग्लंडभर वाद झाला आणि पुष्कळ सामान्य लोक कॅशियरच्या बाजूनं बोलले. ते लोकही स्वतः रांगेत फोनवर बोलत असणारच. तसं पाहिलं तर आपल्याकडं काउंटरच्या अलीकडचा माणूसही गिऱ्हाईक उभं असताना रील पाहत बसलेला सापडतो, तेव्हा फार ताठ राहायचं कारण नाही.

कायद्याकडं पाहिलं तर तराजू एका बाजूला झुकलेला दिसतो. ग्राहक चळवळ महाराष्ट्रात जोमानं वाढली. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला, २०१९ मध्ये नवा झाला. ते सगळं आवश्यकच होतं, लुबाडला जाणारा ग्राहक तेव्हाही होता, आजही आहे. काउंटरच्या अलीकडच्या माणसाचं संरक्षण मात्र तो कोण आहे त्यावर ठरतं. सरकारी नोकराला पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३५३ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं १३२ आहे. वाहकाला, तलाठ्याला त्याचा आधार. डॉक्टर-नर्सना महाराष्ट्राचा २०१० चा कायदा. कापड दुकानातल्या पोराला यातलं काही नाही. बायकांच्या बाबतीत एक तरतूद मोलाची आहे, पण दुकानांत कोणाला ठाऊक नसते: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १९. कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या लोकांपासूनही सुरक्षित वातावरण देणं ही मालकाची जबाबदारी, असं ते म्हणतं. बाहेरचे लोक, म्हणजे गिऱ्हाईकही. शोरूममधल्या मुलीला ‘जाऊ दे ना, गिऱ्हाईक आहे’ म्हणणारा मालक कर्तव्य चुकवतो.

दक्षिण कोरियानं ऑक्टोबर २०१८ मध्ये ग्राहकांशी बोलणाऱ्या कामगारांना शाब्दिक छळापासून वाचवणं मालकांवर बंधनकारक केलं. गरज पडली तर काम थांबवून विश्रांती द्यायची. टोकियो महानगरात ग्राहकांकडून होणाऱ्या छळाविरुद्धचा स्थानिक कायदा १ एप्रिल २०२५ पासून लागू झाला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या १९० व्या करारात कामाच्या जगातला छळ व्यापक अर्थानं आला आहे. हे सगळं शिवीगाळ आणि छळ यांबद्दल. नुसतं लक्ष न देण्याला कोणताही कायदा हात लावू शकत नाही, लावूही नये. कायदा काय करू शकतो, तर कामाचे तास, जेवणाची सुट्टी आणि बसायची जागा ठरवू शकतो, आणि बेध्यान गिऱ्हाईक सोसण्याची ताकद बरीचशी त्यातूनच येते. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा मुळात दहा किंवा अधिक कामगारांच्या दुकानांना लागू झाला, दिवसाला नऊ तासांची मर्यादा आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची सुट्टी त्यात होती. २०२५ मध्ये कामगारसंख्येची अट वीसवर नेली आणि तासही वाढवले. अमरावती-अकोल्याच्या बाजारपेठेत वीस नोकरांची दुकानं किती, हे तिथून एक चक्कर मारली तरी कळतं.

बसण्याचं सांगायचं तर, गादीची दुकानं गेली आणि काचेच्या शोरूम आल्या, तसं सेल्समनचं बसणंही गेलं. गादीवर दोघंही बसत, गिऱ्हाइकाला चहा यायचा, त्यातला घोटभर पोरालाही मिळायचा, आणि बसलेलं गिऱ्हाईक उभ्या गिऱ्हाइकापेक्षा जास्त ऐकतं. शोरूममध्ये सगळेच उभे. केरळात कोझिकोडच्या मिठाई तेरुवूमधल्या विक्रेत्या बायकांनी लढून २०१८ मध्ये बसण्याचा हक्क कायद्यात आणला, तमिळनाडूनं २०२१ मध्ये आणला. वऱ्हाडातल्या शोरूममध्ये स्टूल ठेवायचं की नाही ते बहुतेक ठिकाणी मालक ठरवतो. आणि जिथं स्टूल ठेवलेलं असतं तिथंही सहसा एक अट असते: काचेबाहेर गिऱ्हाईक दिसलं की उठायचं.